चिल्स, ‘पिंक फ्रॉस्ट’ आणि सुरुवातीचा तो हसरा तुकडा

अनवट_कान (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

न्यूझीलंडच्या ‘द चिल्स’ या बँडबद्दल मराठीत काही लिहिलेले माझ्या वाचनात आलेले नाही, आणि या धाग्यावर किती जण फिरकतील याबद्दल मला फारशी आशाही नाही. तरीही तो काढतो आहे, कारण एक प्रश्न गेली पंचवीस वर्षे मनात घोळत आहे आणि तो विचारावा असे घरात कोणी नाही.

आधी थोडी ओळख करून देतो. १९८० साली डनीडन या शहरात मार्टिन फिलिप्स नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाने हा बँड सुरू केला. गाणी तोच लिहायचा, तोच गायचा आणि गिटारही तोच वाजवायचा. त्याच्याभोवतीची माणसे सतत बदलत राहिली. बँडच्या वेगवेगळ्या संचांची मोजदाद केली तर ती वीसच्या पुढे जाते. जुलै २०२४ मध्ये फिलिप्स वयाच्या एकसष्टाव्या वर्षी गेला, तोपर्यंत चिल्स या ना त्या रूपात चालू होता. त्याने तारुण्यात रचलेली पण तेव्हा ध्वनिमुद्रित न झालेली गाणी २०२५ मध्ये ‘स्प्रिंग बोर्ड’ या नावाने प्रसिद्ध झाली. म्हणजे पंचेचाळीस वर्षांचा हिशेब झाला, आणि इतके असूनही आपल्याकडे रॉक ऐकणाऱ्या दहा जणांना विचारले तर नऊ जणांनी हे नाव ऐकलेले नसते.

१९९८ साली माझा मावसभाऊ ऑकलंडहून पुण्याला आला, तेव्हा त्याने मला एक कॅसेट दिली. तिच्यावर बॉलपेनने फक्त ‘एनझेड’ एवढेच लिहिले होते. त्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूचे तिसरे गाणे ‘पिंक फ्रॉस्ट’ होते. १९८४ मध्ये एकेरी तबकडी म्हणून निघालेले, जेमतेम चार मिनिटांचे हे गाणे मी आजवर किती वेळा ऐकले असेल ते सांगता येणार नाही.

आता प्रश्न असा. या गाण्याच्या सुरुवातीला गिटारचा एक लहानसा, झरझर जाणारा, हसरा तुकडा आहे. तो ऐकून वाटते की आता उन्हातले, सहलीला निघाल्यासारखे एखादे गाणे सुरू होणार. मग तो तुकडा विरतो, लय बदलते आणि संपूर्ण वेगळे, काळोखे गाणे सुरू होते. पहिला तुकडा नंतर पुन्हा कधीच येत नाही. मग तो तिथे आहे तरी कशासाठी? पहिल्यांदा ऐकताना मला वाटले होते की भावाने कॅसेटवर दुसरे गाणे अर्धवट पुसून त्यावर हे भरले आहे.

जाणकारांनी प्रकाश टाकावा. ज्यांनी ऐकलेले नाही त्यांनी आधी ऐकावे आणि मग लिहावे, ही नम्र विनंती.


उगाचच

विनंती वाचली, परंतु न ऐकताच लिहितो आहे. मराठीत ‘हुडहुडी’ नावाचा बँड कोणी काढला असता तर त्याला सुपारीसुद्धा मिळाली नसती.


दक्षिणायन

हा धागा पाहून मी खुर्चीतून उठलो आणि पुन्हा बसलो. मी संशोधनाच्या निमित्ताने चार वर्षे डनीडनमध्ये, ओटागो विद्यापीठात होतो. अनवट_कान, तुमच्या प्रश्नाकडे नंतर येतो. आधी त्या गावाविषयी लिहितो, कारण हे गाणे त्या गावाशिवाय मला ऐकूच येत नाही.

डनीडन हे न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावरचे, सव्वा लाखाच्या आसपास वस्तीचे शहर आहे. १८४८ मध्ये स्कॉटलंडहून आलेल्या लोकांनी ते वसवले. एडिनबराचे जे गेलिक नाव आहे, तेच या शहराला दिलेले आहे. देशातले पहिले विद्यापीठ १८६९ मध्ये इथे स्थापन झाले, त्यामुळे गाव विद्यार्थ्यांनी भरलेले असते. हे विद्यार्थी जुन्या लाकडी घरांमध्ये भाड्याने राहतात, आणि त्या घरांच्या भिंतींमध्ये थंडी अडवणारे काहीही नसते. जुलै महिन्यात, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यात, मी घरात लोकरी टोपी, हातमोजे आणि दोन रजया अशा थाटात प्रबंध लिहिला आहे. सकाळी खिडकीच्या काचेवर, आतल्या बाजूने, श्वासाचे पाणी साचून गोठलेले असायचे.

अशा घरांमध्ये तरुण मुले संध्याकाळी काय करणार? एकत्र येऊन वाजवणार. मोठ्या शहरांतल्या कंपन्यांना त्यांच्याशी काही देणेघेणे नव्हते. १९८१ मध्ये क्राइस्टचर्चच्या एका रेकॉर्डच्या दुकानाचे काम पाहणाऱ्या रॉजर शेपर्डने ‘फ्लाइंग नन’ ही कंपनी सुरू केली, आणि १९८२ मध्ये तिने डनीडनच्या चार बँडांची मिळून एक जोड तबकडी काढली. तिच्यात चिल्सची तीन गाणी होती. ध्वनिमुद्रण स्टुडिओत झाले नव्हते, तर एका घरात, चार ट्रॅकच्या टेपवर झाले होते. पुढे लोक ज्याला ‘डनीडन साउंड’ म्हणू लागले तो आवाज पुष्कळसा या गैरसोयींतून आलेला आहे, असे माझे मत आहे.


खर्जातला

मी हौशी बेस गिटारवादक आहे, त्यामुळे माझे ऐकणे जरा एकांगी असते, हे आधीच सांगून ठेवतो. ‘पिंक फ्रॉस्ट’मध्ये सगळे जण गिटारच्या त्या थेंबाथेंबाने पडणाऱ्या सुरांची तारीफ करतात, पण गाणे उभे आहे ते टेरी मूरच्या बेसवर. तो एकच आकृती धरून बसतो आणि सोडत नाही. आपल्याकडे एकलवादनाला लहरा धरणारा पेटीवाला जसा स्वतः काहीही न सांगता दुसऱ्याला सगळे सांगू देतो, तशी त्याची बैठक आहे.

आणि ड्रमवर मार्टिन बुल आहे. तो झांजा जवळजवळ वाजवतच नाही, म्हणून गाण्याला चकाकी येत नाही. नुसती धडधड राहते. हा मुलगा रक्ताच्या कर्करोगाने गेला आणि फिलिप्सने हे गाणे त्याच्यावरच लिहिले, हे माहीत झाल्यापासून मला ते सलग ऐकवत नाही.


अनवट_कान

खर्जातला, बेसबद्दल तुम्ही लिहिलेले सगळे मान्य, लहऱ्याची उपमा तर फारच आवडली. परंतु शेवटच्या वाक्यात एक दुरुस्ती आहे, आणि ती महत्त्वाची आहे म्हणून करतो. हे गाणे बुलवर लिहिलेले नाही, तसे असूच शकत नाही. ते ध्वनिमुद्रित झाले १९८२ मध्ये, आणि त्यात स्वतः बुल वाजवतो आहे. तो गेला जुलै १९८३ मध्ये. तबकडी निघाली १९८४ मध्ये आणि ती त्याला अर्पण केलेली आहे. मधल्या काळात गाणे तसेच होते, भोवतालचे जग बदलले होते.

बुलवर लिहिलेले गाणे वेगळे आहे. जाताना त्याने आपले चामड्याचे जाकीट फिलिप्सला दिले होते, आणि त्या जाकिटावर १९८६ मध्ये ‘आय लव्ह माय लेदर जॅकेट’ हे गाणे आले. गंमत अशी की शोकाचे म्हणावे ते हे गाणे चांगले दणकेबाज, पाय आपटायला लावणारे आहे.


खर्जातला

दुरुस्ती मान्य. इतकी वर्षे मी चुकीच्या समजुतीवर गहिवरत होतो, हे कबूल करताना थोडे ओशाळल्यासारखे होते आहे. तरी एक मुद्दा सोडत नाही. रचणाऱ्याच्या मनात बुल नसेल, पण १९८४ मध्ये ती तबकडी घरी नेऊन लावणाऱ्या डनीडनकराने जी धडधड ऐकली, ती वर्षभरापूर्वी गेलेल्या माणसाच्या हातची होती. त्याला ते गाणे कोणावर आहे असे वाटले असेल? अर्पणपत्रिका वाचून गाणे ऐकणारा माणूस तारखा तपासत बसत नाही.


कल्याण_लोकल

धाग्याच्या भक्तिरसात विरजण घालतो, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. धागाकर्त्याची विनंती मानून गाणे तीन वेळा ऐकले. आवाज दबलेला आहे, गायक शब्द तोंडातल्या तोंडात पुटपुटतो, आणि शेवटपर्यंत काहीही घडत नाही. त्याच सुराभोवती फिरत राहणे याला ‘वातावरण’ म्हणायचे असेल तर आमच्या सोसायटीतल्या पाण्याच्या पंपालाही वातावरण आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वीसहून अधिक वेळा ज्याचा संच बदलला, त्याला बँड का म्हणायचे? तो एका माणसाचा उद्योग झाला. दीर्घकाळ टिकलेला बँड पाहायचा असेल तर त्याच फ्लाइंग नन कंपनीचा ‘द बॅट्स’ पाहावा. १९८२ मध्ये क्राइस्टचर्चमध्ये रॉबर्ट स्कॉट, पॉल कीन, केय वुडवर्ड आणि माल्कम ग्रँट हे चार जण एकत्र आले, आणि चाळीस वर्षांनंतरही तेच चौघे वाजवत होते. संसार म्हणतात तो याला.


उगाचच

म्हणजे गाणे तीन वेळा ऐकूनसुद्धा तुमचे मत पंपाच्या बाजूने आहे. पंपाचे सुरुवातीचे काही सेकंद हसरे असतात काय, एवढे सांगावे.


अनवट_कान

कल्याण_लोकल, बॅट्सबद्दल दुमत नाही. १९८७ चा त्यांचा ‘डॅडीज हायवे’ माझ्याही कपाटात आहे. परंतु संसार हे एकच माप लावले तर आपल्याकडच्या तमाशाच्या फडाला काय म्हणाल? फड मालकाच्या नावावर चालतो. ढोलकीवाला बदलतो, सोंगाड्या दुसऱ्या फडात जातो, एखाद्या वर्षी कर्जापायी तंबू बसतो आणि पुढच्या दसऱ्याला पुन्हा उभा राहतो. तरी गावकरी म्हणतात की अमक्याचा फड आला. चिल्स हा त्या जातीचा बँड आहे.

फिलिप्सला मात्र हे संचांचे बदलणे कधीच सुखाचे वाटले नाही, असे त्याच्या आयुष्याकडे पाहून वाटते. १९९६ चा ‘सनबर्न्ट’ घ्या. ध्वनिमुद्रणासाठी तो इंग्लंडला गेला, पण त्याच्या न्यूझीलंडच्या साथीदारांना तिथे प्रवेशच मिळाला नाही. शेवटी ड्रमला फेअरपोर्ट कन्व्हेन्शनचा डेव्ह मॅटॅक्स आणि बेसला एक्सटीसीचा डेव्ह ग्रेगरी असे दोन अनुभवी इंग्लिश वादक घेऊन त्याने तबकडी पुरी केली. आवरणावर नाव पडले ‘मार्टिन फिलिप्स अँड द चिल्स’.


उगाचच

बँड फुटण्याची कारणे मी आजवर पुष्कळ ऐकली: पैसा, अहंकार, प्रेमप्रकरणे. व्हिसा हे कारण आम्हा मराठी माणसांना मात्र फार जवळचे वाटले.


निफाडची_थंडी

मला रॉक संगीतातले काही कळत नाही. मुलगा हे वाचत होता म्हणून नजर पडली आणि नावावर अडलो. मराठीत याचे काय करणार? ‘फ्रॉस्ट’ला ‘दव’ म्हणता येत नाही, कारण दव ओले असते. वेण्णा तलावाकाठी असे झाले की वर्तमानपत्रे ‘दवबिंदू गोठले’ असे छापतात आणि पर्यटक मोटारीच्या टपावरचा तो पांढरा थर खरवडून फोटो काढतात. आमच्या निफाडला तेच झाले तर फोटो काढायला कोणी जात नाही. रात्रभर बागेत शेकोट्या पेटवून धूर करावा लागतो, पहाटे विहिरीचे पाणी सोडावे लागते, आणि तरीही सकाळी द्राक्षांच्या कोवळ्या पानांवरून हात फिरवला की ती काळवंडलेली लागतात. पाला जळाला, असेच आम्ही म्हणतो. थंडीने जळणे ही गोष्ट शेतकऱ्याला समजावून सांगावी लागत नाही.

आणि ‘गुलाबी’चे म्हणाल तर आपल्याकडे ‘गुलाबी थंडी’ म्हणजे सुखाची थंडी. हुरडा, शाल, वाफाळता चहा अशी. मुलाने गाण्याचा आशय सांगितला, त्यात तर एक बाई मरणाच्या दारात पडलेली आहे. मग हा गुलाबी रंग कोणता?


दक्षिणायन

निफाडची_थंडी, तुम्ही रॉकमधले काही कळत नाही असे म्हणता, पण आतापर्यंतचा या गाण्यावरचा सर्वांत नेमका प्रतिसाद तुमचाच आहे. डनीडनमध्ये उतारावरच्या गवतावर पांढरा थर पडलेला असतो आणि उशिरा उगवणारा सूर्य डोंगराआडून वर आला की काही मिनिटे तो थर खरोखर गुलाबी दिसतो. विद्यापीठाच्या वाटेवर मी ते अनेकदा पाहिले आहे. पाहायला अतिशय सुंदर असते आणि त्यावर पाय ठेवला की माणूस आपटतो.

फिलिप्सने ते कशावरून घेतले याबद्दल मी काही म्हणत नाही. पण गाण्यात हे दहिवर बाहेर गवतावर पडत नाही, ते नायकाच्या काळजात भरते. नुसत्या विचारानेच भरते.


मांडवीकाठी

नमस्कार. पणजीहून लिहीत आहे. मी गिटार शिकवते, आणि मुळाक्षरांच्या पलीकडे गेलेल्या विद्यार्थ्यांना हे गाणे मुद्दाम देते. कारण त्यात बोटांना अवघड असे काहीच नाही. स्वर एकेक करून सुटे वाजवायचे, बस. तरीही पहिल्या आठवड्यात सगळे जण ते बिघडवतात, कारण प्रत्येकाला वाटते की इतके सोपे असून चालणार नाही, यात काहीतरी भर घालायला हवी. एका मुलाने तर मध्ये एक लांबलचक एकलवादनच घुसवले होते. मी त्याला म्हटले, बाबा, इथे एक माणूस मरणशय्येशी बसला आहे आणि तू त्याच्यासमोर कसरत करतो आहेस.

कल्याण_लोकल यांनी म्हटले आहे की शेवटपर्यंत काही घडत नाही. माझ्या मते जे घडायचे ते गाणे सुरू होण्यापूर्वीच घडून गेलेले आहे.

जाता जाता आणखी एक. फिलिप्सला स्वतःच्या बँडबाहेर ऐकायचे असेल तर ‘द क्लीन’चे १९८१ चे ‘टॅली हो’ ऐका. त्यातला तो खेळण्यातल्यासारखा वाटणारा ऑर्गन त्यानेच वाजवलेला आहे. ते वाजवणारा मुलगा पुढच्याच वर्षी ‘पिंक फ्रॉस्ट’ ध्वनिमुद्रित करतो, यावर माझे विद्यार्थी विश्वास ठेवत नाहीत.


कल्याण_लोकल

मांडवीकाठी यांचे वाक्य वाचून गाणे चौथ्यांदा ऐकले. पंपाची उपमा मागे घेतो. आवाज दबलेला आहे ही तक्रार मात्र कायम आहे.

आणि या निमित्ताने बाकीचेही ऐकून पाहिले, तर १९९० चा ‘सबमरीन बेल्स’ मला मनापासून आवडला, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. इथे आवाज स्वच्छ आहे, वाद्ये एकमेकांना वाट देतात, गायक शब्द उच्चारतो. तो न्यूझीलंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला होता, असे दिसते. पहिल्याच गाण्याचे नाव ‘हेवनली पॉप हिट’ ठेवायचे, आणि ते खरोखरच बँडचे सर्वांत गाजलेले गाणे व्हावे, याला धाडस म्हणावे की जोतिष? माझे मत या गाण्याला. प्रसन्न असणे हा काही गुन्हा नव्हे.


अनवट_कान

गुन्हा अजिबात नव्हे, आणि ते गाणे अप्रतिम आहे. परंतु त्या प्रसन्नतेचे पुढे काय झाले तेही पाहायला हवे. ‘सबमरीन बेल्स’ अमेरिकेतल्या स्लॅश या कंपनीने, वॉर्नरच्या वितरणाने काढला होता. त्यानंतर १९९२ चा ‘सॉफ्ट बॉम्ब’ आला. त्यात व्हॅन डाइक पार्क्स या नामवंत अमेरिकन संगीतकाराने एका गाण्याची वाद्यरचना केली आहे, यावरून त्या काळातल्या महत्त्वाकांक्षेची कल्पना येईल. त्याच वर्षी अमेरिकेतल्या दौऱ्यात बँड मोडला आणि फिलिप्स डनीडनला परत आला. मग नैराश्य, हेरॉइनचे व्यसन आणि त्यातून जडलेला हेपटायटिस सी. ‘सनबर्न्ट’नंतरचा पूर्ण लांबीचा स्टुडिओ अल्बम यायला २०१५ साल उजाडावे लागले, तो ‘सिल्व्हर बुलेट्स’. मधली एकोणीस वर्षे जगाने त्याला विसरून जाण्यासाठी पुरेशी होती.

आणि मग उतारवयात त्याला ते मिळाले, जे विशीत कधी मिळाले नव्हते: बऱ्यापैकी टिकलेला संच. टॉड नुडसन, ऑली विल्सन, एरिका स्कॅली ही मंडळी वर्षानुवर्षे त्याच्यासोबत राहिली. २०१८ मध्ये ‘स्नो बाउंड’ आला, २०२१ मध्ये ‘स्कॅटरब्रेन’. नवीन औषधांनी हेपटायटिसही गेला होता. या उत्तरार्धातल्या गाण्यांत मला एक बदल जाणवतो. पूर्वीचा फिलिप्स मृत्यूबद्दल लिहायचा तेव्हा तो मृत्यू दुसऱ्याचा असायचा. ‘स्कॅटरब्रेन’मध्ये तो स्वतःच्या मावळतीबद्दल लिहितो आहे, आणि तरी आवाजात कुठे रडगाणे नाही.


सुमनताई_६८

मी इथे वाचत असते, लिहीत क्वचितच असते. माझा मुलगा ऑकलंडला आहे आणि त्याच्या गाडीत हे गाणे मी ऐकले आहे. इंग्रजी शब्द मला नीट लागले नाहीत म्हणून त्याच्याकडून अर्थ समजून घेतला होता.

तुम्ही सर्व जण वाद्यांबद्दल बोलत आहात, पण त्या मुलीकडे कोणी पाहिलेले नाही. तिने हाक मारली असणार. त्याला ते स्वप्न वाटले, म्हणून तो उठला नाही. आता ती जाते आहे आणि त्याला आपले रडू आवरायचे आहे. माझ्या यजमानांना रात्री त्रास झाला तेव्हा मी शेजारच्या खोलीत होते. मलाही काहीतरी ऐकू आल्यासारखे वाटले होते आणि मी कूस बदलली होती. सुदैवाने ते वाचले आणि आज बाहेर गॅलरीत बसून पेपर वाचत आहेत. पण ती कूस बदललेली मला अजून आठवते.

त्याने तिला मारले की केवळ वाचवले नाही, हे मुलाला विचारले, तर तो म्हणाला की गाणे ते सांगत नाही. माझ्या मते त्याला स्वतःलाच ते ठरवता येत नसावे.


खर्जातला

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहिता आले नाही. यजमानांना नमस्कार सांगा.

तुम्ही म्हणता ते पटते. आणि म्हणूनच मला वाटते की गायक शब्द तोंडातल्या तोंडात म्हणतो तो दोष नाही. जबाबदारी घ्यायची की नाही हे न ठरलेला माणूस खणखणीत आवाजात कसा गाईल?


कल्याण_लोकल

आवाजाबद्दलची उरलेली तक्रारही मागे घेतो. आता माझ्याकडे काहीच उरलेले नाही. निदान बॅट्स तरी राहू द्या.


दक्षिणायन

अनवट_कान, तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो, कारण आपण सगळेच तो विसरून गेलो होतो.

मी चिल्सला एकदाच प्रत्यक्ष ऐकले आहे, डनीडनमध्येच. सभागृहात पांढऱ्या केसांची मंडळी जास्त होती आणि थोडे विद्यार्थी होते, त्यांपैकी बरेच जण आईवडिलांबरोबर आलेले. तो हसरा तुकडा सुरू झाला तेव्हा माझ्यासारखे नवखे लोक टाळ्या वाजवू लागले, डोलू लागले. माझ्या शेजारी साधारण पन्नाशीच्या बाई होत्या. त्या तुकड्याचा पहिला सूर लागताक्षणीच त्यांनी हातातला प्याला खाली ठेवला आणि स्तब्ध उभ्या राहिल्या. पुढे काय येणार ते त्यांना माहीत होते. मी मात्र अजून डोलतच होतो.

त्या काही सेकंदांत सभागृहाचे दोन भाग पडले होते: ज्यांना ठाऊक आहे ते, आणि ज्यांना अजून ठाऊक नाही ते. तो तुकडा कशासाठी आहे याचे माझ्यापुरते उत्तर मला तिथे मिळाले. परत घरी गेल्यावर गाणे पुन्हा लावले आणि तेव्हापासून तो तुकडा मला कधीही हसरा ऐकू आलेला नाही.


निफाडची_थंडी

म्हणजे आमच्या भाषेत सांगायचे तर आधी गुलाबी थंडी आणि मग पाला जळतो. दोन्ही एकाच रात्रीत होते. संध्याकाळी गावात सगळे खूश असतात, शेकोटीभोवती गप्पा रंगतात, आणि आकाश निरभ्र आहे हे पाहून बागायतदार तेवढा गप्प झालेला असतो, कारण ढग नसले की पहाटे पारा उतरणार हे त्याला कळते.

मुलाने गाणे ऐकवले. भाषा कळली नाही. बागेत पहाटे चालताना वाटते तसे वाटले.


मांडवीकाठी

वरचे दोन प्रतिसाद मी माझ्या वर्गात वाचून दाखवणार आहे, दोघांची हरकत नसेल तर. आजवर मी विद्यार्थ्यांना तो पहिला तुकडा गाळून थेट पुढचे शिकवत होते, कारण त्याचे काय करायचे ते मलाही कळत नव्हते. या महिन्यापासून तुकड्यासकट शिकवीन.


अनवट_कान

हरकत कसली! मला तर हा प्रश्न १९९८ मध्येच कोणीतरी निफाडला जाऊन विचारायला हवा होता असे वाटते आहे.

मावसभावाला आज फोन करून सांगितले की कॅसेट तू अर्धवट पुसली नव्हतीस. तो म्हणाला, कोणती कॅसेट?


उगाचच

अखेर मूळ विनंती पाळली आहे, याची धागाकर्त्यांनी नोंद घ्यावी. काल रात्री गाणे ऐकले. ऐकता ऐकताच प्रतिसाद टंकायला घेतला होता, आणि पहिल्या काही सेकंदांत ‘छान, प्रसन्न गाणे आहे, उगाच सगळे एवढे गंभीर झाले’ असे लिहूनही झाले होते. ते खोडले.

हुडहुडीचा विनोद मात्र मागे घेत नाही.